नंदाचा विसराळूपणा

रवि., ८ जाने. ८४
एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर असताना वाशीहून ट्रंक कॉल आला. बोर्डावर मीच होते. पलीकडे नंदा. "आई, आमचं सगळं छान चाललंय." विचारलं, लॅबची नोकरी कशी आहे? "सोडली. छान वाटतंय." आणि तब्येत? "छान."
पंचवीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेय. पेण तालुक्यातली निम्मी भांडणं माझ्या कानांतून गेली. शेजारी कुणी उभं असलं की माणूस कसं बोलतं, ते मला न बघता कळतं. नंदाच्या मागे जावईबापू उभे होते. त्यांना सर्दी झालीय, हेसुद्धा कळलं.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "छान आहे म्हणतेय ना? मग छान असेल." ह्यांचा सगळा संसार असाच झाला.
रजा टाकली. कारण: दाढ दुखते, तिकडच्या डॉक्टरला दाखवायचीय. दाढ अजिबात दुखत नाही.

मंगळ., १०
वाशी. नवी मुंबई म्हणतात. नवी आहे हे खरं, मुंबई कुठं आहे ते अजून दिसलं नाही. इमारती, मग मोकळे प्लॉट, मग धूळ, मग पुन्हा इमारती. खाडीचे डास मात्र जुने असावेत, अनुभवी वाटतात.
जा.बा. (म्हणजे जावईबापू, रोज एवढं कोण लिहिणार) हाफ-डे टाकून एसटी स्टॉपवर घ्यायला आलेले. बॅग हातातून घेतली. हळू बोलतात, गोड बोलतात. "आई, दाढ कशी आहे?" मी विसरलेच होते. पटकन उजवा गाल धरला. घरी चहा पिताना डावा धरला गेला. त्यांच्या लक्षात आलं असावं, बोलले नाहीत.
नंदा वाळलीय. मला मिठी मारली आणि लगेच त्यांच्याकडे बघितलं. मिठी मारायला परवानगी लागते की काय.

बुध., ११
जा.बा. ठाणे-बेलापूर रोडला केमिकल कंपनीत इंजिनिअर आहेत. सकाळी कंपनीच्या बसने गेले. दुपारी आमटी गरम करायला गेले तर काडेपेटी नाही, लायटर नाही.
नंदा म्हणाली, "ते नेतात बॅगेतून."
"कशाला? कंपनीत स्वयंपाक करतात?"
"मी गॅस चालू ठेवून विसरते ना, आई."
"कधी विसरलीस?"
"मला आठवत नाही."
"मग कुणाला आठवतं?"
"ह्यांना."
गेले कित्येक महिने पोरगी दुपारी थंड जेवतेय. समोरच्या साळवीबाईंकडून काडेपेटी मागून आणली. साळवीबाई म्हणाल्या, "तुमचे जावई म्हणजे देवमाणूस हो. बायको अशी असून कधी आवाज चढवत नाहीत." मी विचारलं, अशी म्हणजे कशी? तर बाई दाराची कडी नीट करायला लागल्या. कडी चांगली होती.
येताना खालच्या दुकानातून माझी स्वतःची काडेपेटी घेतली. कमरेला खोचून ठेवते आता. विडी ओढणाऱ्या आजीसारखी दिसते.

गुरु., १२
नंदा रोज दोन वेळा ब्राह्मीचं सिरप घेते. स्मरणशक्तीसाठी. जा.बा. स्वतः चमचा भरून देतात. तिला सगळं पाठ आहे, माझ्या लग्नातल्या पंगतीत कोणता पदार्थ संपला होता तेसुद्धा (मी सांगितलेलं). विसरते फक्त इथल्या वस्तू. चष्मा, किल्ली, कात्री. लॅब त्यामुळेच सोडली. जा.बा. म्हणाले, "एक दिवस रक्ताच्या बाटल्या बदलशील, कुणाचा तरी जीव जाईल." तिने ऐकलं.
दुपारी जुहूगावची मासळीवाली जिन्यात भेटली, पारूबाई. साळवीबाईंकडे बोंबील देऊन उतरत होती. म्हटलं, आमच्याकडे का नाही येत? तर म्हणाली, "तू तिची आयस का? त्या साहेबान मना सांगितला, बाईचा डोका ठिकानावर नाय, दार ठोकू नको. मना तं चांगली वाटली. भाव करताना तर लई चांगली."
मी बोंबील घेतले. नंदाने तळले. काडी माझी.

शनि., १४
संक्रांत. हळदीकुंकू करायचं नाही असं ठरलेलं आहे, कारण नंदा गोंधळते. ठरवलं जा.बा.नी. मी म्हटलं, मी करते, मी गोंधळत नाही. नाही म्हणता येईना त्यांना. सासू असण्याचा एवढा एक फायदा.
जिन्यातल्या सगळ्या बायका आल्या. नंदाने प्रत्येकीला नावाने बोलावलं, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या सासूचं ऑपरेशन, सगळं विचारलं. साळवीबाई तिच्याकडे बघतच बसल्या, तिळगूळ हातात तसाच.

रवि., १५
आज जे बघितलं ते लिहून ठेवते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.
जेवणं झाली. नंदा न्हायला गेली. मी हॉलमध्ये कॉटवर आडवी, डोळ्यांवर पदर. पदर पातळ आहे. जा.बा. पेपर ठेवून उठले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नंदाचं शिवणाचं सामान असतं, त्यातून कात्री काढली. माझ्याकडे बघितलं. मी घोरले. मला चांगलं घोरता येतं, ह्यांच्याकडून शिकलेय. मग स्टुलावर चढून कात्री कपाटावर सुटकेसच्या मागे ठेवली आणि पुन्हा पेपर वाचायला बसले.
मनात म्हटलं, धार असते, लहान मुलाच्या हाती लागू नये म्हणून ठेवली असेल. मग आठवलं, घरात लहान मूल नाही.
चार वाजता: "नंदा, कात्री दे गं, एक कात्रण कापायचंय." तिने डबा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. मशिनचा ड्रॉवर, स्वयंपाकघर, गाद्यांखाली, तांदळाच्या डब्यात हात घालूनसुद्धा बघितलं. जा.बा. पायावर पाय टाकून बसलेले. "आठव. घाई नाही. शांतपणे आठव." शेवटी स्वतःच उठले, इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं, कात्री काढून दिली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे. होतं."
ती म्हणाली, "सॉरी."
अंगावर काटा आला. आणि पोटात कुठंतरी हसूही आलं, लाज वाटली हसण्याची. एवढा शिकलेला इंजिनिअर, रविवारी दुपारी स्टुलावर चढून बायकोशी लपाछपी खेळतो. फक्त तिला सांगत नाही की खेळ चाललाय.

सोम., १६
दिवसभर डोक्यात तेच. दारू नाही, सिगरेट नाही, हात उचलणं नाही. लग्न ठरवताना आपण विचारलं तरी काय होतं? दारू पितो का, मारतो का. दोन्हीला नाही आलं की पेढे.
बोर्डावर बायका माहेरी फोन करायच्या. रडून झाल्यावर शेवटी हमखास म्हणायच्या, "पण हात नाही हो उचलत." जणू सर्टिफिकेटच. मीसुद्धा ऐकून मनात म्हणायचे, चला, बरं आहे मग.
बरं नाहीये. मारलं तर वळ दिसतो, चारचौघांना दाखवता येतो. हिला काय दाखवायचं? ब्राह्मीची बाटली?
जा.बा.ना थेट सांगायची हिंमत नाही. जावयाच्या घरी सासू म्हणजे आलेली पाहुणी, तीही खोट्या दाढेवर.

बुध., १८
दुसरा उपाय सुचला. फार शहाणा नाही, पण मजेचा.
काल जा.बा.चा कंगवा पोह्यांच्या डब्यात ठेवला. आज डाव्या पायाचा मोजा उशीच्या अभ्र्यात. कंगव्याला दहा मिनिटं गेली. मोज्याला कंपनीची बसच गेली. रिक्षा करून गेले, एक मोजा निळा, एक तपकिरी. मी म्हटलं, "आठवा. घाई नाही. शांतपणे आठवा." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.
संध्याकाळी स्वयंपाकघरात कुणी नसताना त्यांनी ब्राह्मीचा एक चमचा गुपचूप घेतलेला मी बघितला. इतकं हसू आलं की मोरीत जाऊन नळ सोडावा लागला.

शनि., २१
आज सगळं अंगाशी आलं.
जा.बा. फार काळजीवाहू. माझ्या दाढेसाठी त्यांनी इथल्या डेंटिस्टची वेळ घेऊन ठेवलेली. नाही कसं म्हणणार? डॉक्टरने तोंडात आरसा घातला आणि म्हणाला, "बरं झालं आलात, ही आतून पूर्ण किडलीय." उपटली. खोटी दाढ खरी निघाली. तोंडात कापूस, तासभर बोलायचं नाही.
सकाळी मी जा.बा.चा दाढीचा ब्रश तांदळात लपवलेला, हे ह्या गडबडीत विसरले. (खरंच विसरले. लिहिताना हसू येत नाहीये.) घरी आल्यावर त्यांनी नंदाला हाक मारली. हळूच. "नंदा, ब्रश कुठे ठेवलास? बुधवारी मोजा. त्याच्या आदल्या दिवशी कंगवा. आता माझ्याही वस्तू?"
ती उभीच राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडूनच झालं असेल. मला काहीच आठवत नाही. माझं फार वाढलंय का हो?" आणि रडायला लागली. हातांनी डोकं धरून.
मी ऊं ऊं करत उठले. कापूस काढायला गेले तर रक्त. जा.बा. म्हणाले, "आई, तुम्ही बोलू नका, टाका सुटेल." तिला जवळ घेतलं, माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढच्या शनिवारी दादरला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुमच्या समोर झालं ते बरं झालं."
मी त्यांना चिमटा काढायला गेले आणि लागला माझ्या पोरीला.

रवि., २२
जा.बा. केस कापायला गेले. नंदाला स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं. आधी ब्रश, मोजा, कंगवा.
"तू? आई, तू हे केलंस?"
"हो."
"का?"
मग कात्रीचं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या डोळ्यांवर पदर होता म्हणतेस."
"पातळ आहे."
"तुला ते कधीच आवडले नाहीत. लग्नाच्या वेळीपण तू म्हणालेलीस, फार गोड बोलतो."
म्हणाले होते. मान्य.
"ते मला सांभाळतात, आई. मी अशी असून."
"तू अशी नाहीयेस."
उठून गेली. भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

बुध., २५
तीन दिवस नंदा माझ्याशी फक्त "वाढू का" एवढंच बोलते. माझा मोर्चा संपला. जा.बा.च्या सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत. सापडल्या की तेच दचकतात.
दुकानातून ह्यांना फोन लावला. बोर्डावर आमची कुसुम होती, म्हणजे उद्यापर्यंत सगळ्या पेणला कळेल. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "जावयाच्या घरात तोंड उघडू नकोस." लाइन कट झाली असं वाटलं. मग म्हणाले, "आपली नंदी चौथीत असताना सगळे पाढे उलटे म्हणायची गं. ती कशी विसरेल?" आवाज वेगळाच येत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांना काहीतरी छान नाही असं वाटलं.

गुरु., २६
सुट्टी. सकाळी खाली सोसायटीचं झेंडावंदन. निघताना नंदाने मला हाक मारली. चार दिवसांनी पहिलीच.
"आई, इकडे बघ. ही कात्री मी डब्यात ठेवतेय. बघतेयस ना?"
"बघतेय."
"झाकण लावतेय."
"हो."
एवढंच. मी काही विचारलं नाही.
झेंडावंदन झालं. जा.बा. म्हणाले, "तुम्ही या सावकाश, मी पुढे होऊन चहा टाकतो." आम्ही वर गेलो तर चहा तयार. चहा चांगला करतात, त्यात शंका नाही.
जेवणानंतर: "नंदा, कात्री दे जरा."
तिने डबा उघडला नाही. स्टूल ओढलं, कपाटाजवळ नेलं, वर चढली, सुटकेसच्या मागे हात घातला, कात्री काढली, खाली उतरली, त्यांच्यासमोर ठेवली.
जा.बा. म्हणाले, "बघ. तिथे ठेवलीस आणि विसरलीस."
नंदा हसायला लागली. आधी नाकातून, मग पोट धरून. खाली बसली, भिंतीला टेकली, डोळ्यांतून पाणी, थांबेचना. लहानपणी हसायची तशी. जा.बा. माझ्याकडे वळले. "आई, बघा. हे असं होतं हिला."
मी म्हटलं, "मला तर आल्यापासून पहिल्यांदा बरी दिसतेय."
हसून झाल्यावर ती मोरीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. तो भाग हसण्यातला नव्हता.

शुक्र., २७
जा.बा. संध्याकाळी गजरा घेऊन आले. मला साडी. रंग चांगला आहे, हाच त्रास. जा.बा.ची काडेपेटी आज घरीच राहिली, ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी.
नंदाने गजरा देवापुढे ठेवला.
एक आठवलं. लग्नात त्यांच्याकडच्या कुणीतरी सांगितलं होतं, मुलाची आई फार विसराळू, डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून पुढं आणत नाहीत. मुलाचे वडील हसत होते तेव्हा. पण त्या विहीणबाईंनीच माझी ओटी भरली होती, एकही वस्तू न चुकता. तेव्हा मी काही विचार केला नाही. आता कोण जाणे.

शनि., २८
दादरच्या डॉक्टरांचा दिवस. जा.बा. कपडे, बूट घालून तयार. "नंदा, आवर."
नंदा भाजी निवडत होती. "तुम्ही जाऊन या."
"मी? मी कशाला?"
"वेळ घेतलीय ना. फुकट कशाला घालवायची."
जा.बा. बूट घालून खुर्चीत बसून राहिले. मी तेवढ्यात पोळ्या करून घेतल्या. शेवटची पोळी झाली तेव्हा ते बूट काढत होते.
मला वाईट वाटलं त्यांचं. थोडंसं. पोळीवर तूप जास्त घालून दिलं.

सोम., ३०
नंदा जुन्या लॅबमध्ये गेली. मी बरोबर. जिन्याखाली तिचे पाय थांबले. म्हणाली, "आई, खरंच मी बाटल्या बदलल्या असत्या तर?" मी म्हटलं, वर जाऊन विचार. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझ्याकडून कधीच चूक झाली नाही. तुझे मिस्टर येऊन म्हणाले, तब्येत बरी नसते, ताण नको. मला वाटलं घरचा मामला, आपण कशाला बोला." सगळे हेच म्हणतात. साळवीबाई, डॉक्टरीणबाई, हे, मी.
पंधरा तारखेपासून ये म्हणाल्या.
येताना दोघी उसाचा रस प्यायलो. उपटलेल्या दाढेच्या खड्ड्यात बर्फ गेला, ब्रह्मांड आठवलं. नंदा पुन्हा हसली.

बुध., १ फेब्रु.
नंदा खाली गेलेली. जा.बा. स्वयंपाकघरात आले, दारात उभे राहिले.
"तुम्ही तिला काय शिकवलंत?"
"काही नाही."
"ती पूर्वी मला विचारल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. किती चांगलं चाललं होतं आमचं." डोळ्यांत खरंच पाणी होतं. "मी तिला कधी बोट लावलंय का, आई?"
"नाही."
"मग?"
"बोट लावलं असतंत तर तिला लवकर कळलं असतं."
मी चहा टाकला. दोघांनी उभ्याने प्यायला. मला वाटलं आता विचारतील, मी काय करू. नाही विचारलं. कप विसळून ठेवला आणि गेले. त्यांना कळलंय की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. चेहरा दिसत असून कळलं नाही. फोनवर कदाचित कळलं असतं.

गुरु., २
सकाळी नंदाचा चष्मा सापडेना. जा.बा. कंपनीत गेलेले. ती शोधता शोधता पांढरी पडली, मीही. मग कणकेच्या डब्यात सापडला. कणीक काढताना तिनेच नाकावरून काढून ठेवलेला, तिला आठवलं.
"आई, हे मी विसरले. हे माझं आहे." कणकेने माखलेला चष्मा घालून मला दाखवत होती, बक्षीस मिळाल्यासारखा. ब्राह्मीची बाटली तिने मोरीत ओतली. मोरी आता सगळं लक्षात ठेवेल म्हणाली.
संध्याकाळी जा.बा. तिच्याशी बोलले नाहीत. तीही बोलली नाही. पण तिचं न बोलणं भीतीचं नव्हतं, विचार करण्याचं होतं. ह्यात फरक असतो.

शुक्र., ३
रजा संपली. हायवेवरच्या स्टॉपवर बसून लिहितेय. पेणची गाडी मुंबईहून यायचीय, उशीर आहे.
जा.बा. दारापर्यंत आले, पाया पडले. मी आशीर्वाद दिला. काय द्यायचा ते सुचेना, "सुखी राहा" म्हटलं, दोघांना धरून म्हटलं की एकाला, ते माझं मलाच ठरवता आलं नाही.
नंदा सोडायला आलीय. तिच्या खांद्याला तिचीही एक पिशवी आहे. भरलेली आहे, रिकामी नाही. मी विचारलं नाही. वाटेत एवढंच म्हणाली, "पंधरा तारखेपर्यंत वेळ आहे." मग पुढच्या वळणावर: "पण घर माझंही आहे ना, आई. मीच का जायचं?" दोन्ही बरोबर आहे. मी हं म्हटलं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या लाइनी जोडून दिल्या, मधे बोलायचं नसतं हे मला येतं. आज पहिल्यांदा जड जातंय.
ती समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेलीय. चहावाल्याशी काहीतरी बोलतेय, तो हसतोय. पुलाकडून लाल गाडी दिसायला लागली. पाटी अजून वाचता येत नाही. दोन ग्लास घेऊन नंदा रस्ता ओलांडतेय, सांडू नये म्हणून हळूहळू, गाडीकडे न बघता.
कंडक्टर विचारेल, किती तिकिटं? त्याला उत्तर तिलाच देऊ देणार आहे.